ग्लॅम मेटलवाले पार्ट्या सोडून कामाबद्दल बोलतात तेव्हा

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. सहा वर्षं मी रात्रपाळीला आहे. काम बहुतेक वेळ नुसतं लक्ष ठेवण्याचं. गाणी लावली की डोळा लागतो, म्हणून मुलाखती ऐकायला लागलो आणि हळूहळू एकाच गोतावळ्यात अडकलो: ऐंशीच्या दशकातले अमेरिकन हार्ड रॉक आणि ग्लॅम मेटलवाले. फुगवलेले केस, लिपस्टिक, चट्ट्यापट्ट्यांच्या घट्ट विजारी घातलेली जी मंडळी आपण ब्याण्णव-त्र्याण्णवला केबलवर पाहिली, तीच. आज ती साठी ओलांडून गेलीत आणि दोन-दोन तास बोलतात.

पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की मुलाखत कुठे जाणार. विचारणारा दारू, पोरी आणि हॉटेलच्या मोडलेल्या खोल्यांवर घुटमळत राहिला, की समोरचा पाठ झालेले किस्से सांगतो. शंभरदा सांगून गुळगुळीत झालेले. पण एखाद्याने विचारलं, की बाबा, त्या क्लबात रात्री किती सेट वाजवायचास, पैसे किती मिळायचे, आवाज गेला तेव्हा काय केलंस, की माणूस क्षणभर थांबतो आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो. मला त्या दुसऱ्या बोलण्याबद्दल लिहायचंय.

ट्विस्टेड सिस्टर बँडचंच घ्या. बहुतेकांना वाटतं ते १९८४ साली एमटीव्हीवर उगवले. बँड सुरू झाला १९७३ च्या सुमारास आणि पहिला अल्बम आला १९८२ साली, तोही एका छोट्या इंग्लिश कंपनीकडून. मधली सगळी वर्षं न्यूयॉर्क, न्यू जर्सी, लाँग आयलंडच्या क्लबांत गेली. आठवड्यातल्या पाच-पाच रात्री, एका रात्रीत अनेक सेट. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा अठराव्या वर्षी दारू पिता यायची, त्यामुळे ते मोठमोठे क्लब कॉलेजच्या पोरांनी भरायचे आणि त्यावर बँड जगायचे. १९७९ साली, हातात रेकॉर्डचा करार नसताना, त्यांनी न्यूयॉर्कचं पॅलेडियम भरून दाखवलं. ते सुमारे तीन हजारांचं थिएटर होतं. तरी कंपन्या दारातूनच परत पाठवत होत्या. गिटारवादक जे जे फ्रेंच ह्या वर्षांबद्दल बोलतो तेव्हा मला आमच्या चाळीखालचा किराणावाला आठवतो. भाडं किती, खर्च किती, वेळेवर कोण आलं नाही, सगळं बोटांवर. तो आणि गायक डी स्नायडर, दोघंही दारूच्या वाटेला जात नव्हते. लिपस्टिक लावून पहाटे तीनपर्यंत गाणारी ही माणसं नोकरीसारखं काम करत होती.

आणि नंतरचं? १९८५ च्या सप्टेंबरात गाण्यांच्या शब्दांवरून अमेरिकन सिनेटसमोर सुनावणी झाली तेव्हा स्नायडर जाऊन बोलला. मी विवाहित आहे, तीन वर्षांचा मुलगा आहे, सिगारेट-दारू-ड्रग्ज काही घेत नाही, असं त्याने आधीच सांगितलं. ज्या गाण्यात हिंसक लैंगिकता असल्याचा आरोप होता, ते आपल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर लिहिलंय, हेही सांगितलं. एवढं सगळं जग बघत होतं. दहा वर्षांत तोच माणूस दिवाळखोर होऊन, तासाला पाच डॉलरवर, फोन उचलायच्या नोकरीला सायकलवरून जात होता. हे तो स्वतः सांगतो, आवाज न चढवता. त्याच काळात त्याने बायकोला भेट म्हणून ख्रिसमसचं एक गाणं लिहिलं. ते फिरत फिरत सेलीन डिऑनपर्यंत पोचलं आणि १९९८ च्या तिच्या ख्रिसमस अल्बममध्ये आलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. गच्चीवर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

दुसरा माणूस सिंडरेला बँडचा टॉम किफर. फिलाडेल्फियाचा. तो खरखरीत, तारस्वरातला आवाज ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. १९९१ मध्ये तो आवाज अचानक गेला. डाव्या स्वरतंतूला अंशतः लकवा. पुन्हा गाता येणार नाही असं सांगण्यात आलं. त्यानंतरच्या शस्त्रक्रिया, गुरू बदलणं, बाळबोध स्वराभ्यासापासून पुन्हा सुरुवात... तो हे सगळं सांगतो तेव्हा त्या मुलाखतीत रॉक राहत नाही, फक्त रियाज राहतो. एकट्याचा पहिला अल्बम काढायला २०१३ उजाडलं.

तुम्ही कुणाच्या अशा मुलाखती ऐकल्यात? कुणाचं बोलणं मनात राहिलं? लिहा. सगळं वाचणार आहे.

शाल्मली_ठाणे

मी वाचा आणि स्वर उपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे किफरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

स्वरतंतू हलवणाऱ्या मज्जातंतूंपैकी डावीकडचा बराच लांबचा रस्ता घेतो. मानेतून खाली छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो आणि पुन्हा वर घशाकडे येतो. उजवा एवढा खाली जात नाही. एक तंतू नीट हलेना की दोघं मध्ये जुळत नाहीत, फटीतून हवा निसटते. मग माणूस जोर लावतो. गायक तर जास्तच लावतो, कारण कान त्याला सांगत असतो की सूर लागला नाही. त्या जोराने चांगल्या तंतूलाही सूज येते, कधी रक्तस्राव होतो. किफरला नंतर एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया का लागल्या, ते ह्यातून कळेल.

माझ्याकडे शिक्षिका येतात, कीर्तनकार येतात, भाजीवाले येतात. सगळ्यांत कठीण असतं ते गप्प बसायला सांगणं. ज्याचं पोट आवाजावर आहे त्याला सहा आठवडे मौन सांगताना माझाच घसा दाटतो. किफरने वर्षानुवर्षं हे केलं आणि आजही कार्यक्रमाआधी तो लांबलचक स्वराभ्यास करतो. माझ्या रुग्णांना मी त्याचं उदाहरण देते. नाव सांगून उपयोग नसतो, "एक अमेरिकन गायक आहे" एवढंच सांगते.

खर्जातला

धागा आवडला. मी पुण्यात बास वाजवतो, हौशी. एका गोष्टीवर मात्र वाद घालायचाय. ह्या मंडळींची कारकीर्द संपली ती निर्वाणा नावाच्या नव्या धाटणीच्या बँडमुळे, हे सरळ मान्य करायला काय हरकत आहे? सप्टेंबर १९९१ ला त्यांचा अल्बम आला, जानेवारीत मायकेल जॅक्सनला खाली ढकलून खपाच्या यादीत पहिला झाला, विषय संपला. लोकांना खोटेपणाचा कंटाळा आला होता.

रात्रपाळी

@खर्जातला, मीही हेच मानत होतो. पण तारखा लावून बघा.

१९९१ च्या मे महिन्यापर्यंत बिलबोर्ड मासिकाची खपाची यादी दुकानदारांना विचारून बनायची. मेमध्ये बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला लागले. आणि पुढच्याच महिन्यात ह्याच मंडळींपैकी स्किड रो बँडचा दुसरा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. म्हणजे खरी मोजणी सुरू झाल्यावर हे संगीत अजून वर गेलेलं दिसलं. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये हार्ड रॉकमधला नवा कलाकार म्हणून ह्याच साच्यातल्या फायरहाऊस बँडला पुरस्कार मिळाला. हरलेल्यांत निर्वाणा आणि त्याच नव्या वळणाचा ॲलिस इन चेन्स हे बँड होते. लोकांना एका रात्रीत कंटाळा आला असता तर हे झालं नसतं.

मुलाखतींत जे वादक मोकळेपणाने बोलतात ते वेगळं सांगतात. कंपन्यांनी एकाला यश मिळालं की त्याच्यासारखे दिसणारे वीस बँड उचलले. प्रत्येकाचा तोच साचा: आधी एक धडाकेबाज गाणं, मग एक हळवं गाणं, व्हिडिओत मेणबत्त्या. आणि वारा फिरल्यावर त्याच कंपन्यांनी फोन उचलणं बंद केलं.

वॉरंट बँडचा गायक जानी लेन ह्याचं सगळ्यांत वाईट उदाहरण. दुसरा अल्बम जवळजवळ तयार होता. कंपनीच्या प्रमुखाला अजून एक दणकेबाज गाणं हवं होतं. लेनने ते घाईघाईत लिहून दिलं. तेच अल्बमचं नाव झालं, तोच व्हिडिओ झाला, आणि पुढे आयुष्यभर तो त्या एका गाण्याचा माणूस झाला. एका वाहिनीच्या मुलाखतीत तो म्हणाला की हे गाणं लिहिल्याबद्दल स्वतःला गोळी घालावीशी वाटते. ती दोन सेकंदं जगभर फिरली. नंतर त्याने सांगितलं की तो दिवसच वाईट होता, आपलं गाणं अजून वाजतं ह्याचा आनंदच आहे. ते कोणी दाखवलं नाही. २०११ मध्ये, ४७ व्या वर्षी, तो एका हॉटेलच्या खोलीत गेला. मला त्या मुलाखतीचा राग येतो. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं, माणूस कळवळला की कॅमेरा जवळ न्यायचा, ह्याला गप्पा म्हणत नाहीत.

नारायणगावकर

कंपन्यांच्या पैशाचं गणित कोणी सांगेल का? प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रती खपलेला अल्बम असून माणसं कंगाल कशी?

खर्जातला

@नारायणगावकर, तुमच्याकडे तमाशाच्या फडाला उचल देतात ना, तसंच. करार झाला की कंपनी मोठी रक्कम देते, वर्तमानपत्रात छापून येते. ती उचल असते. रेकॉर्डिंगचा खर्च त्यातून. व्हिडिओचा बराचसा भाग बँडच्या खात्यावर. दौऱ्यात तोटा झाला तर कंपनीने भरलेले पैसेही बँडच्याच खात्यावर. आणि हे सगळं फिटतं ते बँडच्या वाट्याच्या थोड्या टक्क्यांतून, पूर्ण विक्रीतून नाही. कंपनी कधीच नफ्यात आलेली असते आणि बँड अजून देणेकरी असतो. फक्त गाणं लिहिणाऱ्याचे पैसे वेगळे, ते थेट येतात. म्हणून एकाच बँडमध्ये एकाचं घर आणि दुसऱ्याची भाड्याची खोली. निम्मी भांडणं तिथे सुरू होतात.

त्याआधी लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर, म्हणजे क्लबांच्या त्या रस्त्यावर, तर आणखी वाईट होतं. दशकाच्या शेवटी शेवटी नव्या बँडला क्लबात वाजवायचं तर आधी तिकिटांचा गठ्ठा स्वतः विकत घ्यावा लागे. मग फुटपाथवर उभं राहून पत्रकं वाटायची आणि तिकिटं खपवायची. खपली नाहीत तर खिशातून.

आणि हो, निर्वाणाबद्दलचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. त्या तारखा माहीत नव्हत्या.

नारायणगावकर

उचल म्हटल्यावर एका शब्दात कळलं. माझ्या आज्ज्याने आयुष्यभर उचल फेडली. फड बदलला तरी ती मागे यायची.

मधुरा_एडिसन

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सात वर्षांचा असताना टाइप वन मधुमेह निघाला. पहिल्या महिन्यात तो एकच विचारायचा, आई, मी आता काय काय करू शकणार नाही? पॉयझन बँडचा गायक ब्रेट मायकल्स सहा वर्षांचा असल्यापासून इन्सुलिनवर आहे. १९८७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला स्टेजवर कोसळला. सगळ्यांनी धरलं की नशा केली असणार. तेव्हा त्याने उघड सांगितलं की मला मधुमेह आहे. नशेबाज असल्याची अफवा त्या काळात खपून गेली असती, आजार असल्याचं सांगणं धंद्याला जास्त धोक्याचं होतं, असं मला वाटतं. तरी सांगितलं.

आता तो दौऱ्याबद्दल बोलतो तेव्हा बसमध्ये साखर कधी तपासतो, स्टेजवर जाण्याआधी काय खातो हेही सांगतो. माझ्या मुलाने ते कान देऊन ऐकलं. गाणं त्याला विशेष आवडलं नाही. पण शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट घेतलाय आणि बाहेरच्या कप्प्यात रसाची पुडी ठेवतो.

अनुजा_के

चर्चा छान चाललीय, म्हणूनच लिहिते. ह्या सगळ्यात बायका कुठे आहेत? त्या व्हिडिओंत आम्ही गाडीच्या बॉनेटवर होतो. मुलाखतींत आम्ही "पोरी" होतो, ज्यांच्यावर किस्से सांगायचे.

१९८८ साली पेनेलोप स्फीरिस ह्यांचा लॉस एंजेलिसच्या मेटलवाल्यांवर माहितीपट आला. मी तो कॉलेजात पाहिला. त्यात बाई प्रश्न विचारतेय, हे मला फार मोठं वाटलं होतं. अनोळखी, करार नसलेल्या पोरांना ती शांतपणे विचारते, यश मिळालं नाही तर काय करशील? आणि एकामागून एक सगळे म्हणतात, मिळणारच. वॅस्प बँडचा गिटारवादक ख्रिस होम्स जलतरण तलावात तरंगत दारू ढोसतो आणि त्याची आई शेजारी खुर्चीवर बसून बघत असते. तो चेहरा मी विसरलेले नाही. त्याच माहितीपटात गायक ऑझी ऑस्बोर्न नाश्ता करताना हात थरथरून संत्र्याचा रस सांडतो, आणि तो रस सांडणं नंतर घुसवलेलं होतं, हे स्फीरिस ह्यांनीच कबूल केलं. म्हणजे चांगली मुलाखत घेणाऱ्यालाही मोह होतोच.

व्हिक्सनबद्दल कोणीच का बोलत नाही? चार जणी, स्वतः वाजवणाऱ्या. गिटारवादक जॅन क्युनमंड हिने तो बँड मिनेसोटात सुरू केला आणि करार मिळेपर्यंत कित्येक वर्षं चिकाटीने टिकवला. त्यांच्या मुलाखती ऐका. खरंच तुम्हीच वाजवता का, हे किती जणांनी विचारलं ते मोजा. जॅन २०१३ मध्ये कर्करोगाने गेली. बायकांचं काम पहिल्यापासूनच विचारलं जात नव्हतं, धागाकर्त्याने हे ध्यानात घ्यावं.

रात्रपाळी

@अनुजा_के, खरं आहे. मी वर "पोरी" हा शब्द सहज लिहून गेलो. माझ्या यादीत चाळीसेक मुलाखती आहेत, त्यांत दोनच बायकांच्या, गिटारवादक लिटा फोर्ड आणि व्हिक्सनची ड्रमर रॉक्सी पेट्रुची. आजपासून शोधतो.

ठेका

डेफ लेपर्ड बँडचा ड्रमर रिक ऍलन, त्याचं नाव अजून कसं आलं नाही? डेफ लेपर्ड इंग्लंडमधल्या शेफिल्डचे, ग्लॅममध्ये धरावं की नाही ह्यावर भांडण होईल, पण मी ड्रम वाजवतो म्हणून लिहितो.

३१ डिसेंबर १९८४, मोटार अपघात, डावा हात तुटला. डॉक्टरांनी जोडला होता, पण संसर्ग झाला आणि काढावा लागला. वय एकवीस. इस्पितळात पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की पाय गादीवर ठेका धरतायत. डाव्या हाताचं काम डाव्या पायाला शिकवायचं, असं तिथून सुरू झालं. सिमन्स कंपनीने इलेक्ट्रॉनिक किट बनवून दिलं, पायाखाली जादा पॅडल. १९८६ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडला छोटे कार्यक्रम झाले, सोबतीला दुसरा ड्रमर जेफ रिच. एका रात्री रिच वेळेवर पोचला नाही आणि ऍलनने एकट्याने सुरू केलं. पोचल्यावर रिचनेच सांगितलं की तुम्हाला माझी गरज नाही. मग इंग्लंडमधला डॉनिंग्टनचा मोठा कार्यक्रम ऍलनने एकट्याने वाजवला.

मी महिनाभर डावा हात पाठीशी बांधून बसलो होतो सरावाला. साधा आठ मात्रांचा ठेका नीट बसला नाही.

षड्जपंचम

मला सांगायचंय किप विंगरबद्दल, थोडं लांबेल.

विंगर बँडचा पहिला अल्बम १९८८ चा. देखणा गायक, बास वाजवणारा, त्याआधी ॲलिस कूपरच्या बँडमध्ये. सोबत वादक कसले होते? ड्रमर रॉड मॉर्गनस्टीन डिक्सी ड्रेग्स बँडमधून आलेला, पुढे बर्कली संगीत कॉलेजात शिकवायला लागला. गिटारवादक रेब बीच पुढे व्हाइटस्नेक बँडमध्ये गेला. तालाची अशी गुंतागुंत त्या काळच्या कुठल्याच केसवाल्या बँडमध्ये नाही. पण मेटॅलिका बँडच्या एका व्हिडिओत ड्रमर किपच्या चित्रावर बाण मारताना दिसतो. मग १९९३ पासून एमटीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये शेजारचा बावळट मुलगा विंगरचा टीशर्ट घालून यायला लागला. नाव म्हणजे चेष्टा झालं. किप सांगतो की कार्यक्रम मिळणं कसं थांबलं. त्यात १९९६ ला बायको अपघातात गेली.

त्याने काय केलं, तर संगीतरचना शिकायला बसला. तरुणपणी तो बॅलेच्या वर्गाला जायचा, तिथे कानावर रावेल, दब्युसी, स्ट्राविन्स्की हे शास्त्रीय संगीतकार पडले होते. तो धागा त्याने पुन्हा पकडला. शिक्षक लावले, ऑर्केस्ट्रेशनची, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिण्याची, पुस्तकं घेऊन बसला. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को बॅलेने त्याच्या संगीतावर बॅले सादर केला, नृत्यरचना क्रिस्टोफर व्हीलडनची. बॅले नर्तक निजिन्स्कीवरच्या त्याच्या वाद्यवृंद रचनेला समकालीन शास्त्रीय विभागात ग्रॅमी नामांकन मिळालं. शास्त्रीयवाल्यांच्या दारात विंगर हे नाव घेऊन जाणं सोपं नव्हतं, हे तो बोलतो. आणि त्यानंतरही कित्येक वर्षं तीच जुनी गाणी वाजवायला बँड घेऊन जात राहिला, आनंदाने.

मी पन्नाशीत सतार सोडून हार्मोनी शिकायला लागलो, घरात कोणाला कळेना का. ह्या माणसाच्या मुलाखती ऐकून मला सोबत मिळाली.

चिंचपोकळीकर

धागा दोन दिवस वाचतोय. माझा मामा १९८४ ते ९० मुंबईत रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याच सुमारास रॉक मशीन हा बँड निघाला होता, म्हणजे पुढचा इंडस क्रीड. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे. मामा त्यांना रंगभवनला ऐकायचा आणि घरी येऊन आम्हा पोरांना सांगायचा की हे स्वतःची गाणी वाजवतात, उसनी नाही. पुढे रंगभवनच बंद पडलं, शांतता क्षेत्रामुळे. मामाने नंतर बँकेत नोकरी धरली. त्याच्याशी ह्याबद्दल कधी कोणी बोललंच नाही. घरी "तेव्हाचे लांब केस" एवढाच विषय.

रात्रपाळी

@चिंचपोकळीकर, ह्या रविवारी जा. फोनवर रेकॉर्ड करा. केसांबद्दल विचारू नका.

चिंचपोकळीकर

गेलो होतो. केसांबद्दल नाही विचारलं. "तारा कुठून आणायचास?" एवढाच पहिला प्रश्न. मामा दीड तास बोलला, मामी चहा ठेवायची विसरली.

चांगल्या तारा परदेशातून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवायला लागायच्या. एक संच मिळाला की महिनोन् महिने पुरवायचा. तारा मंद झाल्या की पातेल्यात उकळायच्या, मळ सुटतो, आठ-दहा दिवस पुन्हा खणखणीत वाजतात. बासवाला तर नेमाने उकळायचा. त्याच्या आईने त्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं, स्वयंपाकात ते चालायचं नाही. ॲम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने बनवून दिलेला, तापला की वास यायचा. कॉलेजच्या कार्यक्रमाला मिळणारे पैसे टॅक्सीतच जायचे, कारण ॲम्प्लिफायर लोकलमध्ये चढवू द्यायचे नाहीत. मामाने वही काढून दाखवली. प्रत्येक कार्यक्रमाचा हिशेब आहे. शेवटच्या पानावर फेब्रुवारी १९९०, टॅक्सी ६२ रुपये, खाली रेघ.

त्या रेघेबद्दल विचारलं तर म्हणाला, पुढच्या रविवारी सांगतो, ड्रमरलाही बोलावतो. ते वसईला असतात, मामाची त्यांची गाठ पंधरा वर्षांत पडलेली नाही. कोणाला काही विचारायचं असेल तर इथे लिहा, मी वही घेऊन जाणार आहे.

ठेका

ड्रमरना विचारा, कार्यक्रमात कातडं फाटलं तर काय करायचे? जादा कातडं त्या काळात कोणाकडेच नसणार.

अनुजा_के

आणि मामींनाही विचारा. त्या कार्यक्रमांना जायच्या का?